रोजच्या कामाला कुठला एआय सहायक घ्यावा? कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगर, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी इथल्या छोट्या धंद्यांची कोटेशनं, पत्रव्यवहार आणि हिशेबाचे कागद सांभाळणं हे माझं काम. हल्ली बिलं द्यायला आलेला माणूस खुर्चीवर टेकला की पहिलं हेच विचारतो. वर्कशॉपवाले, गुऱ्हाळवाले, चपलांचे दुकानदार, वकिलांकडचे कारकून, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवले.

एवढी नावं ऐकू येतात. आधी कुठलं उघडू?

जे तुमच्या हाताखाली आधीच आहे ते. जीमेल आणि गुगल शीट्समध्ये दिवस जात असेल तर जेमिनी. ऑफिसात वर्ड, एक्सेल, आउटलुक असेल तर मायक्रोसॉफ्टचा कोपायलट. यातलं काहीच ठरलेलं नसेल तर चॅटजीपीटी किंवा क्लॉड, दोन्ही फोनवर आणि ब्राउझरमध्ये चालतात. इंटरनेटवर शोधून, उत्तराखाली दुवे देणारं हवं असेल तर पर्प्लेक्सिटी. आणि स्वतःचे पन्नास-शंभर पानांचे कागद देऊन फक्त त्यातूनच उत्तर हवं असेल तर गुगलचं नोटबुकएलएम. हे शेवटचं कुणी फारसं विचारत नाही. टेंडरची कागदपत्रं वाचणाऱ्याने मात्र सगळ्यात आधी तेच बघावं.

मग यातला सगळ्यात चांगला कुठला, ते सांगा की.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आला. गुगलचा बार्ड २०२३ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं नाव जेमिनी झालं. तेव्हापासून दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी नवीन आवृत्ती काढतो आणि पहिला नंबर बदलतो. त्यामुळे मी नंबर सांगत नाही.

मी एकच गोष्ट बघतो: त्याने दिलेलं उत्तर तपासायला मला किती वेळ लागतो? पत्र दोन मिनिटांत लिहून मिळालं, पण त्यातल्या तारखा, रकमा, नावं जुळवायला अर्धा तास गेला, तर ते पत्र मी हाताने लिहिलेलं परवडलं. गोड बोलणारं उत्तर सगळेच देतात. बेरीज कशी केली ते उघडं दाखवतो, माहिती कुठून घेतली ते सांगतो, आणि जिथे तुमच्याकडून माहिती कमी पडली तिथे उलट प्रश्न विचारतो, तो सहायक तुमचा वेळ वाचवतो.

परीक्षा घ्यायची तर विचारायचं काय?

ज्याचं उत्तर तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं, ते. लोक नेमकं उलटं करतात. आपल्याला न येणारं विचारतात आणि रुबाबदार उत्तर आलं की खूश होतात. आपल्याकडचे तीन नमुने देतो.

वर्कशॉपवाल्यांसाठी: '३०० बाय २०० बाय २५ मिलिमीटरच्या प्लेटचं वजन किती?' घनफळ १,५०० घनसेंटिमीटर. बिडाची (कास्ट आयर्न) घनता, म्हणजे एका घनसेंटिमीटरचं ग्रॅममधलं वजन, साधारण ७.२ धरली तर १०.८ किलो, पोलादाची ७.८५ धरली तर ११.७७५ किलो. मी प्रश्नात धातू मुद्दाम सांगितलेला नाही. 'बीड की स्टील?' असं जो आधी विचारतो, किंवा दोन्ही वजनं वेगवेगळी मांडतो, तो पास. गुपचूप स्टील धरून एकच आकडा ठोकून देणारा तुमच्या कोटेशनमध्येही असंच काहीतरी गुपचूप धरणार. पुढची पायरी म्हणून रायझर आणि गेटिंगचं, म्हणजे ओतकामात साच्याच्या वाटांत उरणाऱ्या जादा धातूचं, वजन विचारा. साचा न बघता अचूक आकडा सांगितला तर समजा की ठोकतोय.

ऊसवाल्यांसाठी: '२०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, उतारा १२.२५ टक्के, टनाला किती?' एफआरपी म्हणजे उसाला द्यावाच लागणारा किमान दर, उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवले आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. दोन टक्के वर म्हणजे वीस टप्पे, ६९.२० रुपये. क्विंटलला ४२४.२०, टनाला ४,२४२. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. चुकायच्या जागा दोन: क्विंटल आणि टन यांची गल्लत, आणि तोडणी-वाहतुकीचा विसर. दुसरी गोष्ट न सांगता '४,२४२ रुपये तुमच्या खात्यात जमा होतील' असं लिहिणारा सहायक शेतकऱ्याच्या घरात भांडण लावेल.

चपलांच्या दुकानदारांसाठी: 'दोन हजारांच्या कोल्हापुरी जोडावर जीएसटी किती?' २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के. त्याआधी हजारावरच्या जोडाला १८ होता. एकाच जोडावर १८ आणि ५, एवढा फरक. हा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे, कारण इथे हुशारीपेक्षा ताजेपणाची परीक्षा होते.

मला त्याने १८ टक्केच सांगितला, तेही अगदी ठामपणे. असं का होतं?

कारण त्याने शोधलं नाही, आठवणीतून सांगितलं. या सगळ्यांचा पाया एकच: प्रचंड मजकूर वाचून, पुढचा शब्द कुठला यायला हवा याचा अंदाज बांधणं. तो मजकूर एका तारखेला थांबलेला असतो. त्यानंतर दर बदलला असेल तर जुनंच उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने येतं. त्याच्या आवाजात 'बहुतेक' ऐकू येईल अशी अपेक्षा धरू नका.

उपाय साधा आहे. 'इंटरनेटवर शोधून सांग, दुवा दे, आणि हा नियम कुठल्या तारखेपासून लागू आहे ते लिही' एवढं प्रश्नाला जोडा. मग दुवा उघडून बघा. दुव्यावर भलतंच काही असेल, किंवा पानच नसेल, तर ते उत्तर सोडून द्या. कर, सरकारी योजना, बाजारभाव, रेल्वेचं वेळापत्रक या गोष्टी शोध न घेता कधीच विचारू नयेत. बाजार समितीतला गुळाचा आजचा दर तर शोधूनही दोन दिवस जुना मिळू शकतो. तो अडत्यालाच विचारा.

आमच्या बोलण्यातलं त्याला कळतं का?

पूर्वीपेक्षा बरंच कळतं. जेमिनीचं ॲप जून २०२४ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांत आलं आणि त्याच वर्षी त्याच्याशी मराठीत तोंडी बोलायची सोयही झाली. चॅटजीपीटीही मराठी ऐकतो, बोलतो. तुमचा सहायक ऐकण्यात कच्चा वाटला तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठी बोला. अक्षरं उमटली की वाचा आणि मग पाठवा. तपासायची संधी मिळते, म्हणून मला हाच रस्ता जास्त आवडतो.

बोलून हिशेब सांगणार असाल तर आकडे आधी पारखा. 'पावणेदोनशे नग, साडेबारा रुपयांनी' म्हणा. १७५ आणि १२.५०, म्हणजे २,१८७ रुपये ५० पैसे आले तर ठीक. मग 'सव्वा लाखातले पावणेतीन हजार वजा कर' म्हणा, १,२२,२५० यायला हवेत. पाव-पाऊण-सव्वा-दीड-अडीच हे आपल्या तोंडात बसलेले आहेत आणि गडबड इथेच जास्त होते. भरवसा बसेपर्यंत रक्कम अंकांत टाईप करावी. मशीनच्या खडखडाटात उभं राहून बोललात तर कुठलाच सहायक नीट ऐकणार नाही, हेही आलंच.

मराठी पत्र कसं लिहितो?

व्याकरण चालतं, सूर बिघडतो. नुसतं 'मराठीत पत्र लिही' म्हटलं की इंग्रजी वाक्यं सोवळं नेसून येतात: लांब, विनम्र आणि कुणाचीच नसलेली. त्यापेक्षा तुमचीच दोन जुनी, चांगली पत्रं त्याला आधी द्या आणि 'याच धाटणीत, एका पानात' असं सांगा. महापालिकेचा किंवा तहसीलचा अर्ज असेल तर प्रति, विषय, संदर्भ, मागणी आणि जोडलेली कागदपत्रं हा क्रम तुम्हीच सांगून टाका. थकलेल्या उधारीचं स्मरणपत्र लिहून घेताना समोरचा माणूस कोण हे सांगणं फार गरजेचं आहे. पंचवीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला 'कायदेशीर कारवाई'ची भाषा गेली तर पैसे येतील, गिऱ्हाईक जाईल.

दोन सहायकांची तुलना करायला हे काम उत्तम. एकच मजकूर दोघांना द्या आणि कुणाच्या पत्रात कमी शब्द खोडावे लागले ते बघा.

जुना मराठी मजकूर चिकटवला तर सगळी भलतीच अक्षरं दिसतात. बिघाड सहायकात आहे का?

नाही, फॉन्टमध्ये. छापखान्यांत आणि जुन्या ऑफिसांत वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टांत टाईप झालेलं असतं. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. सहायकाला ते आतलं दिसतं. आधी फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनातून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन आणि इंटरनेटवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत, आणा. थोडंच असेल तर छापील पानाचा स्वच्छ फोटो देऊन वाचून घ्या, बऱ्याचदा तेच सोपं पडतं. उलट दिशेलाही तीच अडचण आहे: सहायकाने दिलेला युनिकोड मजकूर जुन्या पेजमेकरमध्ये (छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर) टाकला की त्याची अक्षरं तुटतात. लग्नपत्रिकेची घाई असताना हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

फुकटातलं पुरतं का?

दिवसातून पाच-दहा प्रश्न असतील तर पुरतं. पैसे भरायची वेळ कधी येते? रोज मोठ्या फाइली चढवायच्या असतात, दुपारी ऐन कामात 'मर्यादा संपली' असं येतं, किंवा अवघड हिशेबासाठी वरच्या दर्जाचं मॉडेल (सहायकाच्या आतलं इंजिन) लागतं तेव्हा. ज्या सेवेत मर्यादा मजकुराच्या लांबीवर ठरते तिथे मराठीला थोडी जास्त झळ बसते, कारण तेवढाच मजकूर देवनागरीत जास्त तुकड्यांत मोडला जातो.

२०२५ मध्ये भारतात सवलतींचा पाऊसच पडला. एअरटेलने जुलैत ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर दिलं. ऑगस्टमध्ये चॅटजीपीटी गो महिना ३९९ रुपयांना आलं आणि नोव्हेंबरपासून तेही नवीन नोंदणीला वर्षभर मोफत झालं. जिओने ऑक्टोबरअखेर जेमिनी प्रो १८ महिन्यांसाठी जाहीर केलं. तुम्ही यातलं काही घेतलं असेल तर मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहा, आणि त्यासाठी कार्ड किंवा यूपीआयची आपोआप वसुली चालू केली आहे का तेही बघा. फुकट मिळालं म्हणून त्यावरच सगळं काम बसवू नका. मुदत संपल्यावरचा दर परवडेल का, हा हिशेब आजच करावा.

व्हॉट्सॲपमधलाच निळा गोल वापरला तर? वेगळं ॲप कशाला?

मेटा एआय जून २०२४ पासून भारतात आहे आणि चटकन एखादी गोष्ट विचारायला सोयीचा आहे. एक लक्षात ठेवा: तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या खासगी गप्पा कुलूपबंद असतात, पण त्या सहायकाला तुम्ही जे पाठवता ते व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीपर्यंत, मेटापर्यंत, पोचतं. धंद्याचे कागद तिथे टाकू नयेत, असं माझं मत. लांब हिशेब, फाइली, जुनी कामं पुन्हा शोधणं यालाही ती जागा अपुरीच.

गिऱ्हाइकांची यादी, आधार, बँकेचा उतारा... काय द्यायचं आणि काय नाही?

यावर मी जरा कडक आहे. आधार, पॅन, ओटीपी, पासवर्ड, चेकचा फोटो, कामगारांच्या पगाराचा तक्ता नावांसकट: कुठल्याही मोफत खात्यात नाही. आधारची प्रत कुठे द्यावीच लागली तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत मिळते. अर्थात सहायकाला तीही द्यायचं कारण नसतं.

बाकी कामात नावं बदलून द्या. 'गिऱ्हाईक क, थकबाकी ८४,०००, ९० दिवस' एवढ्यावर त्याला पत्र लिहिता येतं, खरं नाव तुम्ही नंतर घाला. कंपनीने दिलेलं ड्रॉइंग असेल तर आणखी जपा. मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करणाऱ्यांनी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि ते ड्रॉइंग तुमच्या मालकीचं नसतं. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल कुठल्याही एमआयडीसीत हेच लागू.

मग सेटिंग. चॅटजीपीटीत डेटाच्या नियंत्रणात 'मॉडेल सुधारण्यासाठी वापरा' हे बंद करता येतं. क्लॉडमध्येही तुमच्या गप्पा प्रशिक्षणासाठी, म्हणजे पुढचं मॉडेल शिकवायला, द्यायच्या की नाही हे निवडता येतं. जेमिनीत हालचालींची नोंद बंद करता येते. धंद्यासाठीच्या सशुल्क खात्यांत सहसा ग्राहकाचा मजकूर प्रशिक्षणाला घेत नाहीत, तरीही करार वाचा. कंटाळा आला तर तो करार त्याच सहायकाकडून सोप्या मराठीत करून घ्या आणि मुद्द्याची कलमं स्वतः वाचा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर हा त्याचा वैयक्तिक डेटा आहे, दुकान छोटं असलं तरी. सरकारी नोकरीत असाल तर ऑफिसचा नियम आधी विचारा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकावर अशी साधनं वापरू नका असं सांगितलं होतं.

टॅली आणि एक्सेलच्या कामाला?

टॅलीतून एक्सेल फाइल काढा, नावांचा स्तंभ बदला, मग चढवा. 'उत्तर सांग' असं न म्हणता 'सूत्र लिहून दे' म्हणा. सूत्र तुमच्या फाइलमध्ये बसवलं की बेरीज एक्सेल करतो, सहायकाच्या अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. तपासायचा वेळ एकदाच जातो आणि पुढच्या महिन्यात तेच सूत्र पुन्हा चालतं. या एका सवयीने निम्मी भीती जाते.

वकिलांच्या कामात चालेल का? आता तर सर्किट बेंचही इथेच आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं काम इकडे आलं. ड्राफ्टिंग, घटनाक्रमाची यादी, लांब निकालाचा सारांश, मराठी कागदाचा इंग्रजी तर्जुमा याला सहायक उपयोगी आहे. दाखले, म्हणजे आधीचे निकाल, शोधायला मात्र सांभाळून. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले निकाल कोर्टात दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून निर्णय घेण्यासाठी एआय वापरायला मनाई केली. दाखल्याचा प्रत्येक नंबर अधिकृत संकेतस्थळावर उघडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. पक्षकाराची कागदपत्रं देण्याबद्दल वरचंच उत्तर, आणखी कडक करून.

शेतीसाठी?

सातबाऱ्याचा फोटो वाचून घेणं, हेक्टर-आरचे गुंठे करणं, अर्ज लिहिणं: जरूर. ४० गुंठ्यांचा एकर आणि १,०८९ चौरस फुटांचा गुंठा हे त्याला माहीत आहे का ते एकदा तपासा. कृषी विभागाचं महाविस्तार ॲप २०२५ पासून आहे, त्यात मराठीत प्रश्न विचारता येतात. पंपाला किती मिली औषध घालायचं हे मात्र डब्यावरच्या लेबलवरून आणि सहायक कृषी अधिकाऱ्याकडून. फोटो बघून रोग ओळखणारा सहायक चुकला तर फवारणीचा खर्च आणि पीक दोन्ही जातं.

दुकानाचे बॅनर, स्टेटसची चित्रं?

चित्र छान येतं, त्यावरच्या देवनागरीत काना-मात्रा आणि जोडाक्षरं अजूनही अधूनमधून बिघडतात. चित्र बिनअक्षरांचं घ्या आणि मजकूर नंतर स्वतः टाका. आणि चपलांच्या जाहिरातीत मशीनने काढलेली चप्पल दाखवू नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, खऱ्या जोडाचा फोटो काढा.

दहावीच्या पोराला द्यावा का?

गणिताचं उत्तर मागायला नको, 'माझी कुठली पायरी चुकली' हे विचारायला हो. सुरुवातीला शेजारी बसा.

दोन सहायक ठेवले तर?

मी तरी ठेवतो. एक रोजच्या लिखापढीला, दुसरा तपासायला. महत्त्वाच्या आकड्यावर दोघांचं उत्तर वेगळं आलं की थांबायचं, इतकाच त्याचा उपयोग. दोघांचं जुळलं म्हणून बरोबर असं मात्र नाही, कारण दोघांनी इंटरनेटवरचा तोच जुना लेख वाचलेला असू शकतो. दोन्हींचे पैसे भरायची गरज नाही, एक मोफत पुरतो.

नंतर बदलायचा झाला तर सगळं वाया जातं का?

गप्पांचा इतिहास बहुतेक ठिकाणी उतरवून घेता येतो, पण तो पुन्हा उघडून वाचणारा माणूस मी पाहिलेला नाही. जपायच्या असतात त्या तुम्ही घडवलेल्या सूचना: 'कोटेशन असं लिही, दर असे मांड, वाहतूक वेगळी दाखव, मुदत ३० दिवस' वगैरे. त्या सहायकाच्या आठवणीत ठेवू नका. एका साध्या वर्ड फाइलमध्ये ठेवा, शेजारी चांगल्या पत्रांचे चार-पाच नमुने आणि वर दिलेल्यासारखे तुमच्या धंद्यातले परीक्षेचे प्रश्न उत्तरांसकट. नवीन सहायक आला की ती फाइल चढवायची, तेच प्रश्न विचारायचे आणि तासाभरात ठरवायचं. फाइलवर तारीख टाका, आणि जीएसटीचा दर किंवा एफआरपी बदलली की त्यातलं उत्तरही बदला.